हवा कमी

मिरकरवाड्याच्या जेटीवर, बर्फाच्या कारखान्याला लागून
सोसायटीचं ऑफिस. तिथे आज शिबिर.
टेबल, पंखा, माझं यंत्र,
पुठ्ठ्याच्या नळ्यांचं खोकं
आणि नाकाला लावायचे चिमटे,
जे बघून सगळे आधी हसतात.

यासीन होडेकर. वय एकसष्ट.
उंची विचारली तर म्हणाले,
"इंजिनखोलीत मावतो तेवढी."
भिंतीला उभं करून मोजली.
पाठ काही भिंतीला टेकेना.

यंत्र विचारतं: धूम्रपान?
होय किंवा नाही.
"बिडी नाय कधी ओढली, बाय.
बाप ओढायचा."
मी 'नाही'वर बोट ठेवलं.
छत्तीस वर्षं डेकखाली,
सहा सिलिंडरच्या मांडीला मांडी लावून जेवलेला माणूस,
वारा फिरला की सोडलेला धूर
वळून पुन्हा आत येतो, तेव्हा
ओला पंचा तोंडावर घेऊन झोपलेला माणूस.
यंत्राच्या लेखी, नाही.
डिझेलला रकाना नाही.

श्वास भरून घ्या. अजून. ओठ घट्ट.
फुंका!
फुंका फुंका फुंका, अजून, अजून, संपलं नाही अजून
(दिवसाला चाळीस माणसं; घसा माझाच बसतो)
सुरुवातीला भस्सकन आला श्वास,
मग वाळूत रुतलेली होडी ढकलावी
तसा, बोट बोट.
मग खोकला.
बाहेर बर्फ फोडणारा थांबला,
इतका वेळ खोकला.

तीनदा करावं लागतं, नियम आहे.
तिसऱ्यांदा त्यांनी टेबलाची कड धरून ठेवली.

पडद्यावर रेघ उमटली.
चांगल्या छातीची रेघ सरळ उतरते.
यांची मधेच आत खचलेली,
दोन खुंट्यांमध्ये जाळं सैल पडावं तशी.
चष्मा लावून बघत राहिले.
"भाट्याची खाडी," म्हणाले,
"अशीच आत शिरते."

मी समजावायला लागले, पाठ झालेल्या वाक्यांत:
बारीक नळ्या, त्यांना आलेली सूज,
काजळीचे कण, केसाहून कितीतरी बारीक.
तेवढ्यात जेटीवर एक इंजिन चालू झालं,
ढुक, ढुकढुक, ढुक,
आणि होडेकर माझ्यातून उठले.
म्हणजे बसलेलेच होते,
पण मान खिडकीकडे.

"पांढरा धूर आला तर पाणी शिरलं.
निळा, ऑइल जळतंय.
हा काळा. काळा म्हणजे हवा कमी.
इंजिन गुदमरतं, डिझेल
अर्धंकच्चं बाहेर टाकतं." थांबले.
वाक्याच्या मधे त्यांना असं
काठाला लागावं लागतं.
"लोकांना वाटतं, काय ताकद आहे!
फिल्टर भरलाय. एवढंच.
मालक बोलतो, पुढच्या फेरीला बघू."

आणि माझ्याकडे वळून,
बाजारात भाव विचारावा तसं,
"माझा कुठे मिळेल?"

मी औषधाचा पंप दिला, कसा ओढायचा ते दाखवलं,
सिव्हिलची चिठ्ठी दिली,
आणि तो छापील कागद,
ज्यावर तिसऱ्या ओळीत आहे: धुरापासून दूर राहा.
त्यांनी तो वाचला. चार घड्या घातल्या,
खिशात ठेवला. चिमटा परत द्यायला विसरले;
मी तसाच काढून घेतला त्यांच्या नाकावरून.

पुढचं नाव पुकारलं. पुढचा हसला.
खिडकीबाहेर ढुकढुक अचानक एकसारखी झाली,
सलग, स्वच्छ, झोपलेल्या मुलासारखी.
नळीतून काळं येता येता
राखाडी झालं, मग दिसेनासं.
बर्फवाला ओरडला, "चाचा उतरला खाली!"

मी नोंदवहीत 'शेरा' उघडला.
पुढच्याला म्हटलं, थांबा जरा,
आणि डेकवरच्या त्या चौकोनी भोकाकडे
बघत राहिले,
डोकं वर यायची वाट बघत.